होली, हॉली, हळ्ळी आणि तुमची लाल फळांची कुंडी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या दिरांनी नाताळच्या सुट्टीत बेंगळूरहून एक कुंडी आणली. चकचकीत पानं, पानांच्या कडेला काटे आणि वाटाण्याएवढी लाल फळं. कुंडीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘होली’ लिहिलेलं. पुढे सासूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आला, की होलीच्या पानांचा चहा संधिवातावर, जुन्या तापावर आणि मनाच्या ताणावर रामबाण. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि पानं तोडायला त्या कात्री घेऊन तयार आहेत. त्यातच परवा तुमच्या अडीच वर्षांच्या मुलानं दोन फळं तोंडात घातली. एक थुंकलं, एक गिळलं. घरात कुत्रा आहे. कुंडी ठेवू की टाकू, चहा देऊ की नको, असं तुम्ही विचारलंय.

मी बी.ए.एम.एस. वैद्य. बेळगावात शहापूर भागात २६ वर्षं दवाखाना चालवते. येळ्ळूर, उचगावपासून जांबोटी, कणकुंबीपर्यंतचे लोक येतात, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी पिशवीतून झाडपाला काढून टेबलावर ठेवतं आणि विचारतं, "बाई, हे प्यालं तर चालतंय न्हवं?" तुमचा प्रश्न त्याच जातीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलाचं आधी. परवा एक फळ पोटात गेलं आणि आज तो खेळतोय, जेवतोय, शी-शू नेहमीसारखी आहे, तर त्या फळापायी घाबरायचं कारण मला दिसत नाही. असल्या फळांचा त्रास व्हायचाच तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. लाल बी आणि तिच्यावर काळा ठिपका, म्हणजे गुंज असती, तर मी वेगळं बोलले असते. चावलेल्या गुंजेचा त्रास कधी कधी दोन-तीन दिवसांनी उफाळतो. तुमच्या वर्णनात काळा ठिपका नाही, फळ मऊ होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे गुंज नव्हे. चहाचं उत्तर सरळ आहे, देऊ नका. कुंडी टाकायची घाई नको, पण झाड कोणतं ते ठरेपर्यंत मुलाच्या आणि कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी उंच ठेवा.

आता ‘झाड कोणतं’ याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाची सगळी गाठ तिथेच आहे.

इंग्रजीत पवित्र या अर्थाचा एक शब्द आहे आणि या काटेरी झाडाचं नाव आहे. दोन्हींत एका अक्षराचा फरक. देवनागरीत येताना दोन्हींचं ‘होली’ होऊन बसतं. ‘होली बेसिल’ म्हणजे आपली दारातली तुळस. परदेशात तुळशीचा चहा मनाचा ताण घालवतो म्हणून पाकिटांतून विकला जातो. काटेरी झाडाचं नाव नीट लिहायचं तर ‘हॉली’ असं लिहावं लागतं. सासूबाईंचा मजकूर पुन्हा वाचा. त्यातला ‘मनाचा ताण’ तुळशीच्या पाकिटावरून आलाय, आणि ‘संधिवात, जुना ताप’ हा युरोपातल्या हॉलीच्या जुन्या घरगुती उपायांतून आलाय. कुणीतरी दोन झाडांची माहिती एकाच दोऱ्यानं शिवलीय आणि खाली ‘शंभर लोकांना पाठवा’ लिहिलंय. माझी मदतनीस कन्नड बोलणारी. परवा तिला हे सांगत होते, तर ती म्हणाली, "कोणती हळ्ळी, मॅडम?" कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडं. होळीही अजून यायची आहे. एका चुकीच्या स्पेलिंगात आमच्याकडे चार गोष्टी मावतात.

नावाचा घोळ एवढ्यावर थांबत नाही. ‘हॉलीहॉक’ म्हणजे गुलखैरा. जास्वंदीच्या कुळातलं, उंच दांड्यावर मोठी फुलं येणारं झाड. फुलं-पानं बुळबुळीत, युनानीत खोकल्यावर वापरतात. त्याचा या काटेरी झाडाशी काही संबंध नाही. वेंगुर्ला-मालवणकडे खाडीच्या चिखलात मारांडी उगवते. तिची पानंही कडेला काटेरी, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच ‘हॉलीसारख्या पानांची’ असं म्हटलंय. तीही हॉली नव्हे. आपल्या नेहमीच्या औषधांतही हेच चालतं. बैलहोंगलचा पेशंट ‘अमृतबळ्ळी’ म्हणतो, येळ्ळूरचा ‘गुळवेल’ म्हणतो, वनस्पती एकच. उलट ‘अशोक’ म्हणून ज्याची साल बाजारात येते तो कधी सीतेचा अशोक असतो, तर कधी बंगल्यांच्या कुंपणाला उभा असलेला आसुपालव. नाव एक, झाडं दोन, गुण निराळे.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात याबद्दल एक मजेशीर गोष्ट आहे. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक वनस्पती नावारूपानं ओळखतात, पण नुसतं नाव आणि रूप कळलं म्हणजे ती कशी वापरायची हे कळत नाही, असं तिथे म्हटलंय. कणकुंबीकडचे गवळी धनगर मला रानातली ओळख आजही शिकवतात, आणि त्यांच्याइतकी नजर मला कधी येणार नाही. तुमच्या घरात मात्र गाडं त्याच्याही अलीकडे अडलंय. नाव चिठ्ठीवरचं, रूप अजून तपासलेलं नाही, आणि वापर थेट व्हॉट्सअ‍ॅपवरून.

तर रूप तपासूया. कुंडीजवळ बसा आणि एक फांदी हातात धरा. ज्या पेरातून पान फुटतं तिथे समोरासमोर दोन पानं आहेत की एकाआड एक आहेत, ते बघा. खऱ्या हॉलीची पानं एकाआड एक असतात. तुमच्या कुंडीत ती समोरासमोर असली, फूल आलं तेव्हा ते गुलाबीसर पांढरं आणि पाकळ्यांच्या कडा चुरगळलेल्या कागदासारख्या असल्या, तर ती ‘सिंगापूर हॉली’ समजा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘हॉली’ म्हणून बहुधा हीच मिळते. बोन्साय आणि बुटक्या कुंपणासाठी लोक नेतात. तिचं शास्त्रीय नाव माल्पीघिया कॉक्सीजेरा. मूळ कॅरिबियन बेटांवरची, सिंगापूरशी नातं फक्त नावापुरतं. बार्बाडोस चेरी म्हणून जे आंबटगोड फळ मिळतं त्याची ही सख्खी बहीण. तिचं लाल फळ चवीला फिकं, पण विषारी म्हणून तिची ख्याती नाही. तुमच्या वर्णनावरून आणि आपल्या हवेवरून माझा अंदाज इथेच झुकतो.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण युरोपातल्या हॉलीला लागते तशी थंडी इथे पडत नाही. तिची शास्त्रीय ओळख आयलेक्स अ‍ॅक्विफोलियम. पश्चिम आणि दक्षिण युरोपात रानात वाढते, हिवाळ्यातही हिरवी राहते, म्हणून नाताळच्या सजावटीत तिची फांदी आली. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. फळं फक्त मादीला येतात, तीही जवळपास नर असला तर. म्हणून एकुलत्या एका कुंडीत फळांचे घोस दिसले की मला आधी शंका येते. मी इथे २६ वर्षांत फळांनी लगडलेली युरोपीय हॉली पाहिलेली नाही. चिनी हॉली म्हणून एक जात आहे, तिला उबदार हवा चालते, पान चौकोनी आणि कोपऱ्यांना काटे, आणि तिचे काही वाण नराशिवायही फळतात. बेंगळूरच्या एखाद्या हौशी नर्सरीत ती मिळू शकते, म्हणून ती शक्यता मी पुसून टाकत नाही. आयलेक्स या गणात ५०० हून अधिक जाती आहेत. नीलगिरीच्या शोला जंगलातही दोन-तीन आहेत.

फळ कापूनही बघता येतं. खऱ्या हॉलीच्या फळाच्या टोकाला काळपट ठिपक्यासारखा व्रण असतो आणि आत गरात बहुधा ४ कडक आठळ्या चिकटून बसलेल्या असतात. कापल्यावर सुरी धुवून टाका, एवढंच. आणि फळ लाल नसून पिवळं-नारिंगी असेल, त्याला पातळ सालीची टोपी असेल आणि ती टोकाला चोचीसारखी वळलेली असेल, तर तो दुरांटा आहे. ताबडतोब कुंडी बाहेर काढा.

दुरांट्याबद्दल मी एवढी ठाम का, ते सांगते. दवाखान्याच्या आवाराला कुंपण म्हणून दुरांटा मी स्वतः लावला होता. छाटायला सोपा, जांभळी फुलं, गुरं तोंड लावत नाहीत. गुरं तोंड का लावत नाहीत हा विचार मात्र मी केला नव्हता. एका दुपारी वडगावची एक बाई स्वतःच्या पाठीसाठी आली होती. रांग मोठी, सोबत चार वर्षांचा मुलगा, तो कंटाळून पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं आत आला आणि आईच्या मांडीवर डोकं टाकलं. आई म्हणाली, "झोप आली वाटतं." मी सहज त्याच्या हनुवटीकडे बघितलं, तर नारिंगी सालीचे तुकडे चिकटलेले. मूठ उघडली तर त्यात ७ मणी. किती खाल्ले ते तो सांगू शकत नव्हता. पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये ते मणी ठेवून मी बघत राहिले, ती चोचीसारखी टोपी तेव्हापासून डोळ्यांसमोरून गेलेली नाही. तो दोनदा ओकला, अंग गरम लागायला लागलं, डोळे मिटायला लागले. रिक्षा बोलावली, ट्रेमधले मणी आणि पानासकट फांदी पिशवीत घातली, आणि मी सोबत गेले. मोठ्या दवाखान्यात रात्रभर सलाईनवर आणि देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं इडली मागितली. दुरांट्याची फळं जास्त पोटात गेली तर ताप, गुंगी आणि फिट्स येऊ शकतात. त्या पोराच्या बाबतीत तेवढ्यावर निभावलं. कुंपण मी त्याच आठवड्यात मुळासकट काढलं. चूक सगळी माझीच होती, त्या बाईनं मात्र मला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून हॉलीच्या विषाबद्दल विचारलं की मी आधी तराजू हातात घ्यायला सांगते. खऱ्या हॉलीच्या फळांत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. रिठ्याचा फेस ज्यामुळे होतो त्याच जातकुळीतली. पोटाच्या आतल्या अस्तराला ती झोंबतात. मळमळ, उलटी, जुलाब, थोडी झापड. युरोपात नाताळच्या दिवसांत मुलांनी ही फळं खाणं नेहमीचंच आहे, आणि एक-दोन फळांत बहुतेकांना काही होत नाही किंवा किरकोळ पोटदुखीवर भागतं. मूठभर खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होतं, आणि लहान मुलात तेच महागात पडतं. म्हणजे वय किती, वजन किती, फळं किती आणि चावली की गिळली, या सगळ्यावर अवलंबून. हॉलीला मी निर्धोक म्हणणार नाही. पण आपल्या गल्लीत, शेताच्या बांधावर आणि देवळाच्या आवारात तिच्यापेक्षा कितीतरी भारी मंडळी उभी आहेत आणि त्यांच्याकडे आपण बघतही नाही.

बिट्टी घ्या, म्हणजे पिवळी कण्हेर. पूजेला फूल तोडतो, मुलं तिच्या बिया खेळायला गोळा करतात. ती थेट हृदयाचे ठोके बिघडवते. बी चावली असेल तर मूल हसतखेळत असलं तरी दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. मोगली एरंडाचं कुंपण खानापूर तालुक्यात बांधाबांधावर आहे. त्याच्या बिया चवीला बदामासारख्या गोडसर, म्हणून मुलं वाटून खातात आणि मग एकाच वेळी सहा-सात जण ओकत दवाखान्यात येतात. धोतरा तर घराच्या मागच्या उकिरड्यावर. तुमच्या कुंडीतल्या त्या एका फळाची काळजी केलीत ते योग्यच. तेवढीच काळजी घेऊन उद्या सकाळी अंगणात आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये एक चक्कर मारा.

आता औषधाकडे. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर पूर्ण हवेतून आलेला नाही, हे कबूल करते. युरोपात पूर्वी गावठी वैद्य हॉलीच्या पानांचा काढा तापावर देत, संधिवातावर देत. हिवतापावर सिंकोनाची साल महाग पडायची तेव्हा तिच्याऐवजी ही पानं वापरून बघितली गेली. फळं रेच म्हणून, म्हणजे जुलाब व्हावेत म्हणून दिली जात. यातलं जे खरं होतं ते एवढंच, की फळं खाल्ली की जुलाब होत. आजच्या वैद्यकात हॉलीच्या पानाला ना तापावर जागा आहे, ना सांध्यांवर. आणि आयुर्वेदाचं नाव घेऊन कुणी सांगत असेल, तर त्याला विचारा की कोणत्या ग्रंथात, कोणत्या नावानं? चरक, सुश्रुत, भावप्रकाश यांत हे झाड नाही. जे झाड ग्रंथात नाही त्याची मात्रा, त्याचं अनुपान म्हणजे ते कशासोबत घ्यायचं, ते कुणाला द्यायचं नाही, यातलं काहीच मला परंपरेतून मिळत नाही. मग मी तुमच्या सासूबाईंना कोणत्या आधारावर देऊ?

इथे आणखी एक गंमत आहे, आणि इंटरनेटवर ‘हॉलीचा चहा’ शोधणाऱ्यांची दिशाभूल तीच करते. याच गणातली एक जात दक्षिण अमेरिकेत रोजच्या पिण्याची आहे. अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये लोक ‘माते’ पितात, तो आयलेक्स पराग्वारिएन्सिस या झाडाच्या पानांचा. त्यात कॅफीन असतं, आपल्या चहासारखंच. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या यॉपॉन नावाच्या हॉलीतही कॅफीन आहे. तिथले मूळ रहिवासी तिचं पेय करून विधीत पीत आणि ओकत, ते बघून गोऱ्या लोकांनी तिचं शास्त्रीय नावच ‘व्होमिटोरिया’, म्हणजे उलटी करवणारी, असं ठेवलं. पानांत उलटी करवणारं खास काही नाही, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणजे ‘हॉलीच्या पानांचा चहा लोक पितात’ हे वाक्य खरं आहे. फक्त ती हॉली तुमच्या कुंडीतली नव्हे. एका गणातल्या एका जातीचं पान रोज प्यायचं, तर दुसरीचं फळ खाल्लं की पोट बिघडतं. बटाटा आणि धोतरा एकाच कुळातले, हे आठवा म्हणजे नवल वाटणार नाही.

मातेची पाकिटं आता ऑनलाइन मिळतात. उद्या दीर तेही घेऊन येतील, म्हणून आत्ताच सांगते. ज्यांना रक्तदाब आहे, छातीत धडधड होते, झोप लागत नाही किंवा दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू आहे, त्यांनी चहावर आणखी कॅफीन चढवू नये. गरोदर बाईनंही नको. आणि एक गोष्ट आपल्या चहालाही लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या बाबतीत ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. दोष मातेच्या पानाचा नाही. तेवढा गरम नसलेला माते त्या गटात नाही. आमच्याकडे बशीत ओतून, फुंकर घालून प्यायची जुनी पद्धत होती, ती काही वाईट नव्हती.

‘हॉली’ लिहिलेली छोटी बाटली होमिओपॅथीच्या दुकानात दिसली, असंही तुम्ही लिहिलंय. ती बहुधा बाख पुष्पौषधांतली. इंग्लंडमधल्या एडवर्ड बाख या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात अशी ३८ औषधं मांडली. त्यातली हॉली मत्सर आणि राग यांवर सांगितली आहे. ती इतकी विरळ असते की हॉलीच्या विषाचा प्रश्नच उरत नाही. त्यात टिकण्यासाठी अल्कोहोल असतं, तेवढं ध्यानात ठेवा. गुण किती, तर पुष्पौषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा खऱ्या थेंबांत आणि खोट्या थेंबांत फरक दिसला नाही. घ्यायची असेल तर घ्या, पण गुडघ्यासाठी नको आणि रक्तदाबाच्या गोळीऐवजी तर मुळीच नको.

काढा द्यायला माझा विरोध का, हे सासूबाईंना तुम्ही कसं सांगाल, याचा मी जरा विचार केला. ‘विषारी आहे’ म्हणालात तर त्या म्हणतील, पोरानं खाल्लं, त्याला कुठे काय झालं? म्हणून त्यांना असं सांगून बघा. पोरानं एकदा एक फळ खाल्लं. काढा म्हणजे मूठभर पानं उकळून, आटवून, रोज सकाळी, महिनाभर. एकदाच्या किरकोळ गोष्टीवरून रोजच्या मोठ्या मात्रेचा अंदाज बांधता येत नाही. वय पासष्टच्या पुढे, अंगात रक्तदाबाची गोळी. उलट्या-जुलाब झाले तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, आणि काही गोळ्यांसोबत मूत्रपिंडावर ताण येतो. गोळी कोणती आहे त्यावर हे अवलंबून आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही. आणि सिंगापूर हॉली निघाली, तर तिच्या पानांचा काढा गुडघ्यासाठी करायला कुणाचीच परंपरा पाठीशी नाही. मग कशासाठी उकळायची?

त्यांना काहीतरी झाडपाल्याचं हवंच असेल, आणि त्या वयात ते हवंच असतं, तर निगडी आणा. निर्गुंडी. आपल्या ओढ्याकाठी भरपूर. कन्नडमध्ये लक्की म्हणतात. पाच-पाच पानांचा पंजा, मागची बाजू करडी, चुरडली की उग्र वास. कोवळी पानं तव्यावर गरम करून सुती फडक्यात बांधा आणि गुडघ्याला शेका. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, कारण मधुमेह असेल तर पायाची जाणीव कमी झालेली असते आणि भाजलेलं कळत नाही. पोटात काहीच जात नसल्यामुळे गोळीशी भांडण नाही. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा सोबत ताप असेल तर शेक थांबवून डॉक्टरांकडे न्या. बाकी, खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा मोजायचे, हा व्यायाम पानापेक्षा जास्त गुण देतो. पण तो कुणी शंभर जणांना पाठवत नाही.

पुढे कधी मुलानं कुठलंही फळ-बी तोंडात घातली, तर बोट घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. आपल्याकडे अजूनही घराघरात मिठाचं पाणी पाजतात. लहान मुलाच्या रक्तात मीठ वाढून त्यानंच जीव धोक्यात येऊ शकतो, आणि उलटी श्वासनलिकेत जायची भीती वेगळी. तूप नको, कच्चं अंडं नको. तोंडातलं बोटानं हळूच काढा, चूळ भरवा, घोट-दोन घोट पाणी द्या. झाडाची पानासकट, फळासकट फांदी पिशवीत घ्या. नुसतं ‘लाल फळ होतं’ यावरून कोणत्याही डॉक्टरला काही ठरवता येत नाही. गुंगी, फिट, श्वासाचा त्रास किंवा थांबत नसलेली उलटी असेल तर १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास फोनवर सल्ला देतं. त्याचा नंबर शोधून आजच फ्रिजवर चिकटवा, वेळ आली की शोधायला सुचत नाही.

कुत्र्याबद्दल फार लिहीत नाही. खरी हॉली चावली तर लाळ, उलटी, जुलाब होतात, आणि काटेरी पानानं हिरड्या आणि जीभ सोलवटते. एकदाच ओकून गप्प झाला तर पाणी ठेवा आणि लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा ओकला तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. आणि नाताळात कॅम्पातल्या दुकानांतून जी ‘हॉली’ची कडी आणतात, तिच्यातली लाल फळं प्लॅस्टिकची किंवा थर्माकोलची असतात, तारेला टोचलेली. अडीच वर्षांच्या मुलाला खऱ्या फळापेक्षा ती भारी. ती घशात अडकतात. अशी कडी घरात असेल तर आज काढून कपाटावर ठेवा.

झाडाची खात्री करायची तर फांदी घेऊन एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागात, म्हणजे औषधी वनस्पती शिकवतात तिथे, जा. बेळगावात नेहरूनगरला पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे, वनस्पती ओळखणारी माणसं तिथेही आहेत. तोवर इथे फोटो टाकलात तर मी बघेन, पण लांबून काढलेला अख्ख्या कुंडीचा फोटो नको. एक फोटो फांदीच्या पेराचा, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसेल असा. दुसरा फळाच्या टोकाचा. तिसरा फळ आडवं कापून, आतल्या आठळ्यांचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. आणि सासूबाईंच्या गोळ्यांच्या पाकिटाचाही एक, नाव वाचता येईल असा.